चाविनचे शंख पाहायला जाताना

पेरूतील चाविन दे वांतार हे प्राचीन देवस्थान बहुतेक प्रवासी वारास या अँडीजमधल्या शहरातून सकाळी निघून एका दिवसात उरकतात आणि मीही तेच केले. पण सहलवाल्यांनी आधी अवशेष आणि परतीच्या घाईत संग्रहालय असा क्रम ठेवल्यामुळे, ज्या शंखांसाठी मी इतका लांब आलो होतो त्यांच्यासमोर मला जेमतेम वीस मिनिटे मिळाली.

हे शंख, म्हणजे तिथल्या भाषेत पुतुतू, 2001 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जॉन रिक यांच्या पथकाला वर्तुळाकार चौकालगतच्या एका दालनात सापडले. एकूण 20. विषुववृत्ताजवळच्या उबदार समुद्रातल्या गोगलगायीचे हे जाड कवच अँडीज चढून 3,000 मीटरांहून अधिक उंचीवर आणलेले आहे. टोक कापून फुंकण्याची जागा घासून गुळगुळीत केलेली आहे, ओठाच्या कडेला खाच आहे, आणि काहींवरचे कोरीव काम हाताळून इतके झिजले आहे की काचेला नाक लावून तिरके पाहिल्याशिवाय रेषा उमटत नाहीत. आपल्या देवघरातल्या वाजवायच्या शंखाचेही टोक असेच कापलेले असते, त्यामुळे हा कुठून फुंकायचा, हे मला कोणी सांगावे लागले नाही.

अवशेषांत वर्तुळाकार चौकाच्या भिंतीवर शंख घेतलेल्या आकृती कोरलेल्या आहेत. आतल्या अरुंद, अंधाऱ्या दालनात लान्सोन ही सुमारे साडेचार मीटर उंचीची शिळा उभी आहे. तिच्या दालनापासून चौकाकडे दगडी नळ्या जातात आणि त्या शंखाचा आवाज विशेष चांगला वाहून नेतात, असे ध्वनीच्या अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे. मला हे ठिकाणाचे खरे आश्चर्य वाटते, शिळेपेक्षाही.

मागून येणाऱ्यांनी सोमवार टाळावा. वारासला आधी दोन रात्री काढाव्यात, कारण वाटेतला काविश बोगदा 4,500 मीटरांच्या आसपास आहे आणि माझे डोके तिथेच ठणकू लागले. दालनांत छत ठेंगणे असल्याने उंच माणसाने वाकूनच चालावे, आणि पायांत घसरणार नाहीत असे बूट असावेत. शक्य असल्यास चाविन गावातच मुक्काम करावा: दुपारी संग्रहालय निवांत पाहून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी, वारासच्या गाड्या पोहोचण्यापूर्वी, दालनांत शिरावे.