अजून कान वाजतायत!

आज डीप पर्पल प्रत्यक्ष ऐकले. १९६८ साली सुरू झालेला ब्रिटिश रॉक बँड! गायक इयन गिलनचा जन्म १९४५ चा, त्या जुन्या किंकाळ्या आता तशा लागत नाहीत. पण जिथे त्याचा आवाज थांबला तिथे अख्खं मैदान गायला लागलं. काटा आला अंगावर.

माझ्या शेजारचे पांढऱ्या केसांचे काका डोळे मिटून हवेतच ऑर्गन वाजवत होते. बँडचा ऑर्गनवादक जॉन लॉर्ड २०१२ मध्ये गेला, पण त्याची एकेक जागा काकांच्या बोटांना पाठ.

मागून कुणीतरी म्हणालं, "पूर्वीची मजा नाही राहिली." मला अजिबात पटलं नाही. सुरुवातीपासून बँडच्या प्रत्येक संचात असलेला ड्रमर इयन पेस हा एकटाच, आणि काय वाजवतो हो अजून! पुन्हा आले तर मी पुन्हा जाणार. कोण कोण येतंय?