बहुतेक माल करमुक्त, तरी शेजार बिघडला: कॅनडातून टॅरिफची आतली बाजू

‘अमेरिकेनं कॅनडावर ३५ टक्के शुल्क लादलं’ अशी बातमी तिकडे वाचली की वाटतं, सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक ट्रकवर आता ३५ टक्के बसत असतील. तसं झालं नाही. ४ मार्च २०२५ ला २५ टक्के शुल्क लागू झालं (तेल, वायू, वीज यांवर १०) आणि तीनच दिवसांत त्यातून मोठी सूट निघाली: अमेरिका-मेक्सिको-कॅनडा कराराच्या नियमांत बसणारा माल वगळला गेला. १ ऑगस्टला दर ३५ वर नेला तेव्हाही ही सूट कायम होती. म्हणजे कॅनडाचा बहुतेक माल शुल्काविनाच गेला. तरीही इथं कॅनडात अमेरिकेबद्दल इतकी चीड का, हे समजायला दरांच्या आकड्यांपेक्षा कागदपत्रं जास्त उपयोगी पडतात.

या कराराला इथं सगळे ‘कुस्मा’ म्हणतात. त्याची सूट आपोआप मिळत नाही, मागावी लागते. २०२५ आधी कॅनडातले असंख्य निर्यातदार ती मागतच नव्हते, कारण अमेरिकेचा साधा दरच अनेक वस्तूंवर शून्य होता. मग उगाच दाखला कोण बनवणार? मार्चमध्ये तोच दाखला एकदम जीव की प्राण झाला. त्याला ठरावीक फॉर्म नाही, पण नऊ गोष्टी असाव्याच लागतात: दाखला देणारा निर्यातदार आहे, उत्पादक की आयातदार, त्याचा तपशील, निर्यातदार, उत्पादक आणि आयातदार यांची नावं-पत्ते, मालाचं वर्णन आणि सहा अंकी एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), तो माल कोणत्या निकषावर ‘मूळचा’, म्हणजे करारातल्या देशांतलाच, ठरतो, एकच दाखला अनेक खेपांना वापरायचा तर मुदत, जास्तीत जास्त १२ महिने, आणि सही-तारीख. आयातदाराला कागद पाच वर्षं जपावे लागतात.

खरी अडचण निकषाची. टोरोंटोत शिवलेला सुती टी-शर्ट घ्या. कापड बाहेरून आणलं असेल तर तो कुस्मात बसत नाही, कारण कपड्यांसाठी साधारण नियम असा की सुतापासून पुढचं सगळं काम तिन्ही देशांतच व्हायला हवं. मग २०२५ मध्ये त्यावर अमेरिकेचा मूळ १६.५ टक्के दर आणि वर ३५, मिळून ५१.५ टक्के लागत होते. आधी असे छोटे विक्रेते ८०० अमेरिकी डॉलरच्या आतली पार्सलं शुल्काविना पाठवत. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलतही बंद झाली. मोठ्या कंपन्यांकडे कस्टम्स ब्रोकर आणि वकील असतात. मार बसला तो घरून माल पाठवणाऱ्यांना.

पोलाद आणि ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळीच. तिथं कुस्माची ढाल चालत नाही. १२ मार्चला २५ टक्के, ४ जूनला थेट ५०. हॅमिल्टन आणि सू सेंट मरी ही पोलादाची गावं, क्वेबेकमधले जलविद्युतवर चालणारे ॲल्युमिनियमचे कारखाने, या सगळ्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. त्यात पोलादापासून बनलेल्या वस्तूंचीही यादी आली. २०२५ मध्ये अशा वस्तूतल्या पोलादाची किंमत वेगळी दाखवता आली नाही, तर ५० टक्के पूर्ण किमतीवर लागत. पुरवठादाराकडून तशी फोड मिळवता मिळवता खरेदी विभाग मेटाकुटीला आले. आणि या सगळ्याला कारण दिलं राष्ट्रीय सुरक्षेचं. जो देश अमेरिकेसोबत या खंडाचं आकाश राखतो, त्याच्या पोलादापासून धोका! माझ्या मते नातं दुखावलं ते दरापेक्षा या कारणामुळे, आणि कॅनडाला अमेरिकेचं ‘५१वं राज्य’ म्हणणाऱ्या ट्रम्प यांच्या टोमण्यामुळे.

कॅनडाचं उत्तर दोन पातळ्यांवर होतं. ओटावानं, म्हणजे केंद्र सरकारनं, सुमारे ३० अब्ज कॅनेडियन डॉलरच्या अमेरिकी मालावर २५ टक्के प्रतिशुल्क लावलं, मग पोलाद-ॲल्युमिनियम आणि गाड्यांवर. प्रवाशांनाही ते लागत होतं, पण वस्तू कुठं विकत घेतली यावर नाही, कुठं बनली यावर. अमेरिकेत घेतलेल्या चिनी खेळण्याला ते नव्हतं. (परतताना शुल्काविना सामान आणायच्या मर्यादा मात्र जुन्याच आहेत: २४ तास बाहेर राहिल्यावर २०० डॉलर, ४८ तासांनंतर ८००. २०० ची मर्यादा एका डॉलरनं ओलांडली तरी पूर्ण रकमेवर कर बसतो, आणि नवरा-बायकोच्या मर्यादा एकत्र करता येत नाहीत. इथं फसणारे पुष्कळ.)

दुसरी पातळी प्रांतांची, आणि ती जास्त झोंबली. ओंटारियोत दारूचा घाऊक व्यापार सरकारी मंडळाच्या हातात असतो. मंडळानं ४ मार्चला अमेरिकी बाटल्या फळ्यांवरून उतरवल्या आणि हॉटेलांचा पुरवठाही थांबवला. जॅक डॅनियल्स बनवणाऱ्या ब्राउन-फोरमनच्या प्रमुखांच्या मते हे शुल्काहून वाईट होतं. बरोबरच आहे: शुल्क लागलं तर माल महाग विकता येतो, इथं विकायला जागाच उरली नाही. ओटावानं १ सप्टेंबरला पोलाद-ॲल्युमिनियम आणि गाड्या सोडून कुस्मात बसणाऱ्या मालावरचं प्रतिशुल्क काढलं, पण ओंटारियोतल्या त्या बाटल्या वर्ष संपेपर्यंत परतल्या नाहीत.

शिवाय लोकांनी आपणहून प्रवास टाळला. २०२५ च्या उन्हाळ्यात गाडीनं अमेरिकेला जाऊन येणारे कॅनेडियन आदल्या वर्षापेक्षा साधारण एक तृतीयांशाने घटले. वॉशिंग्टन राज्यातलं पॉइंट रॉबर्ट्स हे गाव जमिनीनं फक्त कॅनडालाच जोडलेलं आहे, पाणीही ब्रिटिश कोलंबियातून येतं, गिऱ्हाईकही तिकडचंच. शुल्काशी काही संबंध नसलेल्या तिथल्या दुकानदारांचा धंदा बसला.

हे पूर्वीही झालंय. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्यानं अमेरिकेनं अंड्यांवरचं शुल्क डझनामागे ८ वरून १० सेंट केलं. कॅनडानं आपलं ३ चं १० केलं. कॅनडाला येणारी अमेरिकी अंडी वर्षाला ९ लाखांहून अधिक डझनांवरून ८ हजार डझनांच्या आत आली. त्याच वर्षी कॅनडात सत्तापालट झाला आणि नवे पंतप्रधान बेनेट यांनी शुल्कं आणखी वाढवली.

आता सगळं कुस्मावर अडलं आहे. करारातच १ जुलै २०२६ ही संयुक्त आढाव्याची तारीख लिहिलेली आहे. तिन्ही देशांनी मुदतवाढीला होकार दिला तर पुढची १६ वर्षं. एकानं जरी दिला नाही, तर दरवर्षी आढावा, आणि तरीही एकमत झालं नाही तर २०३६ मध्ये करार संपतो. मग कारखाना कुठं टाकायचा, हे ठरवणाऱ्याला दरवर्षी जुलैची वाट बघावी लागेल.