जादा लक्ष, पण फी सगळ्यांना सारखीच

आमच्या पाळणाघराची फी सगळ्या मुलांना सारखीच राहणार, हे आज पालकांच्या बैठकीत पक्कं झालं. फार बरं वाटतंय.

विषय निघाला तो नव्याने येणाऱ्या एका मुलामुळे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. दुसरीकडे त्याच्या आईला दुप्पट फी सांगितली होती. मला पाहताच तिचा पहिला प्रश्न, "ताई, याचे किती जास्त घ्याल?"

खर्च वाढतो, हे खरंच आहे. दुपारी त्याला भरवायचं म्हणजे पाठ सरळ टेकवून बसवायचं, हनुवटी किंचित खाली, अगदी मऊ कालवलेला वरणभात, अर्धा चमचा, आणि गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा घास. घाई केली की ठसका लागतो. तेवढा वेळ एक मावशी अडकते, म्हणजे आणखी एक मावशी हवीच.

पण तिचा पगार एकट्या त्या आईने का द्यायचा? आधीच फिजिओथेरपी, बूट, रिक्षा, सगळं तिच्याच पदरातून. अशा दिव्यांगांसाठीच्या 'निरामय' या सरकारी आरोग्य विम्याचं 1 लाखाचं संरक्षण उपचारांसाठी आहे, पाळणाघरासाठी नव्हे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा तर वाजवी सोय (दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करायचा, झेपेल एवढा बदल) नाकारणं हाही भेदभावच मानतो.

म्हणून नव्या मावशीचा पगार सगळ्यांच्या फीत थोडा थोडा वाटला. हिशोबाचा कागदच समोर ठेवला. एका आजोबांनी कुरकुर केली, पण मावशी सगळ्याच मुलांना बघणार म्हटल्यावर तेही तयार झाले.

सोमवारपासून तो येतोय.