धरणं पावसानं भरतात, मग जंगल कशाला?

सोसायटीच्या मीटिंगला म्हणा, टेकडीवर सकाळी म्हणा, कुणाच्या लग्नात जेवताना म्हणा, हा प्रश्न मला ठरलेला असतो. "पाऊस पडतो, खडकवासला भरतं, नळाला पाणी येतं. यात मुळशी-वेल्ह्याच्या जंगलाचा संबंध काय?" वर पुस्तीही असते, "झाडांमुळे पाऊस पडतो, हेच ना?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, हे नाही. आपला पाऊस अरबी समुद्रावरून येतो आणि सह्याद्रीला अडून वर चढला की कोसळतो. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, ताम्हिणी-टेमघरकडे त्याच्या कितीतरी पट. डोंगर बोडके झाले म्हणून तो काही थांबायचा नाही. उलट धरणं चार दिवस आधीच भरतील. आणि झाडं स्वतःही पाणी पितातच की! वृक्षारोपणाच्या भाषणात हे कुणी सांगत नाही.

जंगलाचं खरं काम पाऊस जमिनीला टेकल्यावर सुरू होतं. मुळशी-वेल्ह्याकडच्या एखाद्या जुन्या देवराईत, म्हणजे देवाच्या नावानं राखलेल्या रानात, जुलैच्या धुवांधार पावसात जाऊन उभे राहा. बाहेर रस्ता वाहत असतो आणि आत मात्र अंगावर नुसती टिपटिप. पालापाचोळ्यात हात घाला. वरची पानं अख्खी, खालची जाळी पडलेली, त्याखाली काळी भुसभुशीत माती आणि तिच्यात केसांसारखी बारीक मुळं. ओंजळभर उचलून पिळली तर पाणी गळतं. हाच पाऊस उघड्या उतारावर पडला की थेंबांच्या माऱ्यानं मातीची छिद्रं बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरायचं सोडून माती घेऊन पळतं. देवराईतून येणाऱ्या ओढ्याचा तळ भर पावसातही दिसतो, नवा रस्ता कापलेल्या डोंगरातून येणारा मात्र गेरू कालवल्यासारखा तांबडा असतो.

ती माती जाते कुठे? टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांच्या साखळीत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर. जुलैत आपण रोज पेपरात साखळी किती टक्के भरली ते बघतो. पण गाळानं दरवर्षी भांड्याचाच तळ वर येत असेल, तर शंभर टक्के म्हणजे नक्की किती, हे कोण विचारतं? त्यातलं खडकवासला तर एकोणिसाव्या शतकातलं. धरण पुन्हा बांधता येतं असं वाटत असेल तर नवीन जागा शोधून बघा. मोसे नि आंबी नद्यांच्या खोऱ्यांतली गावं या धरणांसाठी एकदा उठून झाली आहेत, दुसऱ्यांदा कुणाला उठवायचं?

गाळाची गोष्ट पेशव्यांच्या माणसांनाही ठाऊक होती. अठराव्या शतकात कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून नळ आणला तेव्हा गाळ खाली बसावा म्हणून वाटेत सोय केलेली आहे.

आता मुरलेल्या पाण्याचं. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर. फुटक्या, भेगाळ खडकातून पाणी खाली उतरतं, मध्येच चिकट तांबड्या मातीचा किंवा घट्ट खडकाचा थर लागला की अडतं आणि डोंगराच्या कुशीतून आडवं बाहेर पडतं. तोच झरा. वरचं जंगल गेलं की पाणी नीट मुरत नाही आणि दिवाळीनंतर झरा बारीक होत जातो. त्याचा फटका पहिल्यांदा बसतो तो वरच्या वाडीला. ज्या डोंगरांवरून आपली धरणं भरतात, तिथल्या काही वाड्यांवर मे महिन्यात टँकर जातो. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली लाजिरवाणी गोष्ट हीच.

शिवाय जंगलावर तिथल्या माणसांचं पोट असतं. भीमाशंकरच्या बाजूला, आंबेगाव-जुन्नरात, महादेव कोळी कुटुंबं उन्हाळ्यात बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून विकतात. शेतात काही नसतं त्या दिवसांत हातात पैसा येतो. त्याच आंबेगावात ३० जुलै २०१४ला माळीण दरडीखाली गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. मुळं वरची माती धरून ठेवतात हे खरं. पण झाडं असती तर दरड कोसळलीच नसती, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. खोलवरून सुटलेला डोंगर झाडांसकट खाली येतो.

यानंतरचा प्रश्न असतो, "मग पावसाळ्यात रोपं लावायला येऊ का?" या, हौस असेल तर. पण टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाचं (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाचं) काय झालं ते बघा. झाडं वाढली, पण त्यांच्याखाली दुसरं फारसं उगवत नाही. गवताळ माळावर खड्डे खणण्यापेक्षा उभं असलेलं जंगल तोडलं जाऊ नये हे बघणं स्वस्त पडतं. सत्तरच्या दशकात डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातल्या देवराया हिंडून त्यांची नोंद केली. त्या तोवर टिकल्या होत्या, कारण तिथली वाळकी काटकीही न्यायची नाही असा गावोगावचा दंडक होता.

आणि तुमच्यापैकी बरेच जण पानशेत-मुळशीकडे 'लेक व्ह्यू' प्लॉट बघायला जाता, हे मला माहीत आहे. जा. फक्त एजंटाला दोनच गोष्टी विचारा: हा सपाट तुकडा करताना डोंगर कुठे कापला, आणि खालच्या वाडीचं पाणी कुठल्या झऱ्यावर आहे? दुसऱ्याचं उत्तर त्याला येणार नाही. खाली वाडीत जाऊन विचारा, तिथे ते प्रत्येकाला माहीत असतं.