'लव्हलेस'ची गिटार : चौदा ट्रॅकवरून दोनवर

मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'पुढच्या वेळी थेट मिक्स.' मिक्स (सगळे ट्रॅक जुळवून एक करणं) नाही. चौदा गिटार ट्रॅकचा (म्हणजे एकावर एक चढवलेल्या चौदा रेकॉर्डिंगचा) जो लगदा झाला होता तो सात आठवड्यांपूर्वी पुसून टाकला आणि श्रीगणेशा पुन्हा केला. आता दोन ट्रॅक आहेत. आणि पहिल्यांदाच असं वाटतंय की आपण निदान त्याच गल्लीत आहोत, घर सापडायचं असलं तरी.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी: माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा 'लव्हलेस' हा अल्बम ४ नोव्हेंबर १९९१ ला क्रिएशन रेकॉर्ड्स या लेबलने (रेकॉर्ड कंपनीने) काढला. त्यातला गिटारचा तो हेलकावे खाणारा, कडा विरघळलेला आवाज घरच्या घरी, साध्या सामानावर काढून बघायचा, एवढाच हा उद्योग. त्यातलं गाणं उतरवायचं नाहीये. चार कॉर्डचा माझा स्वतःचाच एक तुकडा आहे, सगळे हाल त्याचेच.

चौदा का फसले

हा अल्बम ऐकला की कुणालाही वाटतं, गिटारवर गिटार, त्यावर गिटार, असे पन्नास थर असणार. मलाही तसंच वाटलं. बँडचा गिटारवादक-गायक केविन शील्ड्स वर्षानुवर्षं मुलाखतींतून सांगत आलाय की लोक समजतात त्याच्या मानाने गिटारचे ट्रॅक फारच कमी आहेत, आणि कोरस-फ्लँजर या आवाज डोलवणाऱ्या इफेक्टची करामतही नाही. मी ते वाचलं होतं. विश्वास ठेवला नव्हता. मोठी माणसं नम्रपणे बोलतात, तसलं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं.

चौदा ट्रॅक एकत्र लावल्यावर समजलं. एक गिटार सुराखाली घसरते आणि परत वर येते, तेव्हा कानाला ती हालचाल कळते. दोन गिटार जरा मागेपुढे घसरल्या तर त्यांच्यात झुलवाझुलवी होते. पण चौदा गिटार आपापल्या वेळेला घसरायला लागल्या की कुणीतरी कायम वर असतं आणि कुणीतरी कायम खाली, आणि सगळ्यांची मिळून सरासरी निघते. सरासरी हलत नाही. बाजारातला गलबला जसा लांबून एकसुरी 'घों' ऐकू येतो, तसं झालं. मी जी गोष्ट वाढवायला थर चढवत होतो, तीच थरांनी खाल्ली.

मग एकेक ट्रॅक म्यूट करत गेलो. दहा, सात, पाच... तीनवर आल्यावर खोलीत काहीतरी हललं. दोनवर पोट हललं.

दांडी

सगळी गंमत उजव्या हातात आहे, हे आता छातीठोकपणे सांगतो. शील्ड्सने १९८८ च्या सुमारास उसनी आणलेली फेंडर जॅझमास्टर वाजवायला घेतली आणि तिची दांडी (तारांच्या बुडाशी बसवलेला, दाबला की सूर खाली नेणारा दांडा) सोडलीच नाही. तळव्यात दांडी धरूनच कॉर्ड छेडायची, म्हणजे प्रत्येक झटक्याला सूर किंचित खाली जातो आणि वर येतो. 'ग्लाइड गिटार' म्हणतात ती हीच. जॅझमास्टरची दांडी त्याने टेप गुंडाळून नेहमीपेक्षा वर उचललेली ठेवली होती, जेणेकरून हात छेडायच्या जागीच राहील.

इथे एक जुना घोळ सांगायलाच हवा. सूर वरखाली होणं म्हणजे व्हायब्रेटो आणि आवाजाची पातळी वरखाली होणं म्हणजे ट्रेमोलो. लिओ फेंडरने या दोन नावांची अदलाबदल केली, गिटारवरच्या दांडीला 'ट्रेमोलो' म्हटलं, आणि तेव्हापासून सगळं जग चुकीचं नाव बिनदिक्कत वापरतंय. मीही वापरतो. या बँडच्या फेब्रुवारी १९९१ च्या ईपीचं (छोट्या रेकॉर्डचं) नावच 'ट्रेमोलो' आहे, तेव्हा आता दुरुस्त करायला कोण जाणार?

माझी गिटार जॅझमास्टर नाही. साधी, मागे स्प्रिंग असलेल्या ब्रिजची (तारा खाली जिथे टेकतात तो भाग). विकत घेताना ब्रिज 'सुरात परत येतो' असं सांगितलं होतं. येतो, पण आपल्या सवडीने. पहिले दोन आठवडे नुसते सूर लावण्यात गेले. शेवटी नटच्या (मानेच्या टोकाच्या, तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचांत पेन्सिलीची शिसं घासली (मऊ, चार-बी), स्प्रिंगा एकाने कमी केल्या आणि दांडीच्या मुळाशी टेपचे तीन वेढे घातले, तेव्हा कुठे ती लोंबायची थांबली. उपाय फुकटातला आहे, करून बघा.

यात एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दांडी दाबली की सगळ्या तारा सारख्याच उतरत नाहीत. ट्यूनर लावून एकेक तार बघितली: तिसरी, न गुंडाळलेली जी तार पार खाली जाते, पहिली तार त्याच्या निम्मीही हलत नाही. म्हणजे अख्खी कॉर्ड खाली सरकते तेव्हा ती आतल्या आत बेसूरही होते आणि परत येताना पुन्हा जुळते. तो जो 'उलगडतोय, मिटतोय' असा भास आहे, तो इथून येतो. कॉर्डला मींड घेता आली असती तर ती अशी वाकडी आली असती. पेडलचा (पायाने चालवायच्या इफेक्टच्या डबीचा) पिच-व्हायब्रेटो सगळ्या सुरांना एकाच मापाने हलवतो, म्हणून त्याने ही मजा येत नाही. मी त्या पेडलवर पैसे घालवून बसलोय, तुम्ही घालवू नका.

दुसरा ट्रॅक याच कॉर्डचा, पण अगदी केसभर उतरवून. २२० आणि २२१ हर्ट्झ एकत्र वाजले की सेकंदाला एक ठोका ऐकू येतो, हे शाळेतलं विज्ञान. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा ज्याने कधी जुळवल्यात त्याला हे कानाने आधीच माहीत असतं. ठोका गाण्याच्या लयीपेक्षा बराच संथ ठेवला तर कान त्याला बेसूर म्हणत नाही, हवा म्हणतो.

उलटा रिव्हर्ब

इथे दोन वाक्यांतच आटोपतो, कारण यावर सगळ्यांनी लिहून झालंय. यामाहाच्या एसपीएक्स-९० या इफेक्ट यंत्रातला रिव्हर्स रिव्हर्ब (उलटा घुमारा), मूळ आवाज पूर्ण बंद करून फक्त ओला, म्हणजे घुमाऱ्याचा, आवाज: तारेवरचा पिकचा टोला गायब होतो आणि सूर फुगत येतो. माझ्याकडे तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. टोलाच नसल्यामुळे ताल कुठे पडतोय ते वाजवताना कळत नाही, आणि सलग तीन संध्याकाळी मी अर्धा ठोका मागे वाजवला. उपाय: रेकॉर्ड करताना हेडफोनवर कोरडी (विनाइफेक्ट) गिटार ऐका, ओली नंतर करा. हे शुद्ध चीटिंग आहे, मान्य.

पाच दिवसांचं काम

सात आठवड्यांत दोन ट्रॅक म्हटल्यावर घरच्यांनी जो चेहरा केला, तो पाहून मला क्रिएशनच्या ऑफिसची आठवण झाली. फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या साउथवर्कमधल्या ब्लॅकविंग स्टुडिओत काम सुरू झालं, तेव्हा लेबलची समजूत होती की पाच दिवसांत अल्बम उरकेल. उरकला तो १९९१ च्या शरदात, एकोणीस स्टुडिओ पालथे घातल्यावर. कव्हरवर इंजिनिअरांची नावं खंडीभर आहेत. त्यातल्या काहींनी चहा करण्यापलीकडे फारसं काही केलं नाही म्हणतात, पण श्रेय सगळ्यांना. खर्चाचा आकडा अडीच लाख पौंड म्हणून प्रसिद्ध झाला आणि त्याने लेबल बुडायला आलं अशी दंतकथाही चिकटली. शील्ड्सचा हिशेब वेगळा: स्टुडिओ आणि इंजिनिअर सगळे मिळवून जास्तीत जास्त एक लाख साठ हजार.

मला या गोष्टीत पैशापेक्षा दुसरंच रंजक वाटतं. बँड चौघांचा, पण रेकॉर्डवर गिटार आणि बास जवळजवळ सगळे शील्ड्सनेच वाजवलेत. बासवादक डेबी गूजचं नाव आहे, वाजवणं फारसं नाही. ड्रमर कॉलम ओ किओसोग आजारी होता, म्हणून त्याच्या वाजवण्याचे तुकडे सँपलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणाऱ्या यंत्रात) घालून ड्रम उभे केले. छप्पन्न सेकंदांचा 'टच्ड' हा तुकडा मात्र पूर्ण त्याचाच. म्हणजे चार जणांच्या बँडचा हा अल्बम प्रत्यक्षात बराचसा एका हट्टी माणसाचा घरगुती प्रकल्पच होता, फक्त घरं एकोणीस. एकट्याने बसून हे करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा धीर येतो. किंवा धास्ती.

गाणं, पडद्याआड

गाणाऱ्या आवाजाची नोंद या वेळी पहिल्यांदा. 'लव्हलेस'मध्ये शब्द कळत नाहीत ही तक्रार मी ऐकून घेत नाही. शब्द कळू नयेत अशीच बेतशीर योजना आहे, आवाज गिटारच्या पातळीलाच बसवलाय. शील्ड्स आणि बँडची गायिका-गिटारवादक बिलिंडा बुचर यांना गाताना कुणी ऐकलेलं चालायचं नाही, म्हणून त्यांनी कंट्रोल रूमच्या काचेवर पडदे लावले. आत काय चाललंय ते इंजिनिअरला ऐकायची परवानगी नाही. त्याने टेप मशीनच्या मीटरच्या काट्याकडे बघायचं. काटा हलतोय म्हणजे कुणीतरी गातंय. थांबला की टेप मागे. टेक जमला की पडदा बाजूला व्हायचा आणि आतून हात हलायचे. बुचरचं पुष्कळसं गाणं सकाळी नुकतंच उठवून घेतलेलं आहे, तो अर्धवट झोपेतला आवाज त्यातूनच आला.

मी पण केलं. सकाळी साडेसहा, दात घासायच्या आधी, माइकसमोर. पहिला टेक: खोकला. दुसऱ्या टेकमध्ये मागे कुकरची शिट्टी. तिसरा जमला, आणि खरंच सांगतो, दुपारी घेतलेल्या अकरा टेकमध्ये जो ताण होता तो त्यात नाही. आवाज सहा डेसिबलने खाली नेला, वरची फ्रीक्वेन्सी कापली. आता तो गाण्याच्या पुढे उभा नाही, आत बसलाय.

स्वागत

त्यांचं: समीक्षक खूश झाले, विक्री बेताची. ब्रिटनच्या यादीत २४ वा क्रमांक, अमेरिकेत यादीत नावच नाही. नामवंत संगीतकार-निर्माता ब्रायन ईनोने अल्बममधल्या 'सून' या गाण्याची आधीच तोंडभर स्तुती केली होती. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' आला होता आणि क्रिएशनचा स्वतःचाच 'स्क्रीमाडेलिका'ही, तेव्हा कुजबुजणाऱ्या अल्बमकडे कोण बघणार. थोड्याच दिवसांत क्रिएशनने बँडला नारळ दिला. पुढचा अल्बम आला २ फेब्रुवारी २०१३ ला. मधल्या काळात मात्र 'लव्हलेस' हळूहळू चढत गेला. रोलिंग स्टोन मासिकाच्या पाचशे सर्वोत्तम अल्बमांच्या यादीत २००३ साली तो २१९ वा होता, २०२० साली ७३ वा.

माझं: तिघांना ऐकवलं. एकाने विचारलं, 'केबल लूज आहे का?' दुसरा म्हणाला, छान आहे, गाणं कधी सुरू होतं? तिसरी काही बोलली नाही, पण हेडफोन काढायला तिने जरा वेळ लावला, आणि मग विचारलं की चौथ्या कॉर्डला जे खाली जातं ते मुद्दाम आहे का. मुद्दाम नाहीये. तिथे माझा हात घसरला होता. मी 'हो' म्हणालो, आणि तो टेक आता कायम.

पुढचं काम ड्रमचं. स्वतःच वाजवलेले चार ठोके सँपल करून ठेवलेत, त्यातला स्नेअर अजून डब्यावर चमचा मारल्यासारखा वाजतो.