अर्धी कविता आणि मंदिरांतल्या प्रती

चीनमधल्या अकरा दिवसांपैकी पहिल्या आठवड्याबद्दल मी फारसे लिहिणार नाही, कारण बीजिंग आणि शिआन येथे सगळे जे पाहतात तेच मीही पाहिले. अपवाद फक्त शिआनच्या शिलालेख-संग्रहालयाचा. तिथल्या पहिल्याच दालनात ८३७ साली कोरून पूर्ण झालेल्या ११४ शिळा काचेमागे उभ्या आहेत. त्यांवर कन्फ्यूशियसच्या परंपरेतले बारा प्रमाणग्रंथ आहेत आणि त्यांत ३०५ कवितांचा 'शिजिंग' हा चीनमधला सर्वांत जुना काव्यसंग्रहही आहे. हाताने उतरवलेल्या प्रतींमध्ये चुका शिरतात, म्हणून प्रत्येकाने आपली प्रत या दगडांशी ताडून पाहावी, अशी दरबाराने केलेली ही सोय होती. पण मी ज्यांच्या ओढीने तिथवर गेलो होतो, त्या तांग राजघराण्याच्या काळातल्या (सातवे ते दहावे शतक) कवींना दरबाराने हा मान दिलेला नव्हता. मग त्यांच्या कविता टिकल्या कशा, हा प्रश्न मनात घेऊनच मी लुओयांगची गाडी पकडली.

लुओयांगजवळच्या लोंगमेनच्या लेण्यांना गर्दी असते हे मला ठाऊक होते, पण इतकी असेल असे वाटले नव्हते. यी नदीच्या पश्चिम काठावर, सतरा मीटर उंचीच्या त्या प्रसिद्ध बुद्धमूर्तीपुढच्या पायऱ्यांवर, दर दहा पावलांवर एक मार्गदर्शक आणि प्रत्येकाच्या कमरेला एक ध्वनिक्षेपक, असा देखावा होता. मूर्ती सुंदर आहे, पण त्या गोंगाटात मला तिच्याकडे दोन मिनिटेही नीट पाहता आले नाही, आणि मी काहीसा चिडूनच पूल ओलांडून पूर्व काठावर गेलो. तिकडे शियांगशान मंदिर आहे आणि त्याच्या जवळच्या टेकडीवर बाय जूयी या कवीची (७७२–८४६) समाधी आहे. तिकीट तेच चालते, तरीही पलीकडची गर्दी इकडे फिरकत नाही. मी स्वतःही थकलो नसतो तर कदाचित फिरकलो नसतो, हे कबूल करायला हवे.

बाय जूयीबद्दल मला सर्वांत जास्त कौतुक वाटते ते त्याच्या हिशेबीपणाचे. तांग काळातलाच दुसरा मोठा कवी ली बाय याच्या कवितांपैकी दहातल्या नऊ हरवल्या, असे त्याच्या कविता गोळा करणाऱ्या नातेवाइकानेच लिहून ठेवले आहे. बाय जूयीने ही वेळ स्वतःवर येऊ दिली नाही. ८३५ साली त्याने लुशान पर्वतावरच्या डोंगलिन मंदिरात आपल्या लेखनाच्या साठ गुंडाळ्या ठेवल्या, पुढच्या वर्षी लुओयांगच्या शेंगशान मंदिरात पासष्ट, आणि ८३९ मध्ये सूझौच्या नानचान मंदिरात सदुसष्ट. डोंगलिनच्या भिक्षूंना त्याने अटही घातली होती की ही प्रत बाहेरच्या पाहुण्याला उसनी द्यायची नाही आणि मंदिराच्या दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांतल्या संदर्भ-विभागाचा नियम याहून वेगळा नसतो! ८४५ साली त्याने शेवटचा हिशेब मांडला, तो ७५ गुंडाळ्या आणि ३८४० रचनांचा. मंदिरांखेरीज एक प्रत पुतण्याकडे आणि एक मुलीच्या मुलाकडे ठेवली. ही दूरदृष्टीच म्हणायची, कारण त्याच वर्षी सम्राटाच्या हुकमाने देशभरातली हजारो बौद्ध मंदिरे पाडली गेली.

पुढे जे घडले ते त्याच्या नियमाच्या नेमके उलट आहे. जी प्रत दाराबाहेर जायची नव्हती, ती डोंगलिनची प्रत त्या शतकाच्या अखेरच्या धामधुमीत एका सेनापतीने उचलून नेली. उलट सूझौच्या मंदिरात ८४४ साली एगाकू नावाच्या जपानी भिक्षूने तिथल्या संग्रहाची नक्कल उतरवून घेतली आणि ती जपानला नेली. तिच्यावरून झालेल्या नकलांपैकी तेराव्या शतकातले काही खंड जपानमध्ये आजही आहेत, आणि चिनी छापील प्रतींतले पाठ तपासताना अभ्यासक त्यांचा आधार घेतात. आज बाय जूयीच्या सुमारे अठ्ठावीसशे कविता हाती आहेत. तांग काळातल्या दुसऱ्या कोणत्याही कवीच्या इतक्या उरलेल्या नाहीत.

हे सगळे मी घरून वाचून गेलो होतो. समाधीवरच्या फलकांवर त्याने कोणकोणती सरकारी पदे सांभाळली हे तपशीलवार होते, पण प्रतींची गोष्ट मला कुठे दिसली नाही आणि त्याचा मला रागच आला. समाधी म्हणजे दगडी कठड्यात बांधलेला मातीचा गोल उंचवटा आहे. तिथे एक आजोबा आणि त्यांची पाच-सहा वर्षांची नात उभी होती. नात पेओनी फुलाच्या आकाराचे आइस्क्रीम चाटत, एका दमात बाय जूयीची गवतावरची कविता म्हणत होती: वणव्याने ते जळून संपत नाही, वसंताचा वारा सुटला की पुन्हा उगवते. चार ओळी झाल्या आणि ती थांबली.

मूळ कविता आठ ओळींची आहे. मी फोनवरच्या भाषांतराच्या मदतीने आजोबांना उरलेल्या ओळींबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी पाचवी म्हटली, सहावीच्या मध्यावर अडखळले आणि हसून मान हलवली. पाठ्यपुस्तकात पहिल्या चारच असतात, असे ते म्हणाले. मला याचे नवल वाटले, कारण मूळ रचना निरोपाची आहे. जुन्या रस्त्यावर पसरत गेलेले गवत आणि मित्राला वाटेला लावताना दाटून आलेले मन, हे सगळे त्या पुढच्या चार ओळींतच येते. मुलांच्या पाठांतरात गवत उरले आहे आणि निरोप गळून गेला आहे.

शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी आपल्या फोनवर कविता शोधून उरलेल्या ओळी मोठ्याने वाचल्या. नातीला त्यात काडीचाही रस नव्हता. आजोबांनी मात्र खिशातून पेन काढले, नकाशाच्या घडीपत्रकाची मागची कोरी बाजू कठड्यावर ठेवली आणि बाई सांगत गेल्या तशा त्या चार ओळी उभ्या रेघांत, उजवीकडून डावीकडे, सावकाश उतरवून घेतल्या. एक अक्षर चुकले, ते खोडून बाजूला पुन्हा लिहिले. मग कागदाची घडी नातीच्या दप्तरात घातली आणि दोघे फाटकाच्या दिशेने निघाले. मला त्या कागदाचे छायाचित्र घ्यायचे होते, पण भाषांतराच्या नादात फोनची बॅटरी संपली होती, आणि नातीला परत बोलवा असे खुणांनी कसे सांगायचे ते मला सुचले नाही.