काक्षीची प्रत डोळ्यांनी मोजताना

आज आकाश स्वच्छ, चंद्र नाही. काक्षीची (मृगातला लाल, तेज बदलणारा तारा, Betelgeuse) प्रत काढायला छान रात्र. प्रत म्हणजे तेजाचा आकडा; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. तुलनेला प्रश्वा (०.४) आणि रोहिणी (सुमारे ०.९) हे तारे. काक्षी या दोघांमध्ये प्रश्वाकडून दोन पंचमांश अंतरावर वाटली तर प्रत ०.६. अंदाज आणि वेळ लगेच लिहायची. मागची नोंद आधी बघू नये, मन तिकडेच झुकतं.

खरी गोची लाल रंगाची. लाल ताऱ्याकडे टक लावली की तो उजळत गेल्यासारखा वाटतो. नजर तिरकी केली तर उलट: डोळ्याच्या पडद्याच्या कडेच्या दंडपेशींना (अंधुक उजेडात बघणाऱ्या पेशी) लाल प्रकाश जवळपास जाणवतच नाही, तारा मंद भासतो. म्हणून सरळ, पण झटकन नजर टाकायची, तिन्ही ताऱ्यांवर आळीपाळीने.

तारे साधारण सारख्या उंचीवर असावेत. क्षितिजालगत हवेचा थर जाड, तिथला तारा सहज अर्ध्या प्रतीने फिका पडतो. (शहरातली धूळ धरली तर जास्तच.)

एवढं करूनही ०.१-०.२ चा फरक राहतोच. पण फेब्रुवारी २०२० मध्ये काक्षी १.६ पर्यंत उतरली, ती घट नुसत्या डोळ्यांनाही स्पष्ट दिसत होती.